सेगोव्हियाचा रोमन जलसेतू नीट पाहायचा असेल तर किती वेळ ठेवावा आणि कोठून सुरुवात करावी?

कालवा_निवृत्त (नागपूर)

नमस्कार मंडळी,

पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून तीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. त्यातील बरीच वर्षे पेंचच्या कालव्यांवर गेली. मुलगी नोकरीनिमित्त माद्रिदला असते आणि येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. राजवाडे, चित्रसंग्रहालये वगैरे मुलीने आखून ठेवले आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या स्वतःच्या इच्छेची जागा मात्र एकच आहे, ती म्हणजे माद्रिदच्या उत्तरेला असलेल्या सेगोव्हिया शहरातील रोमन जलसेतू. नोकरीत मी जलसेतूंची कामे केली, दुरुस्त्या केल्या, गळती शोधत रात्री-अपरात्री काठाने फिरलो. त्यामुळे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी बांधलेला आणि अजून उभा असलेला जलसेतू भरवस्तीत पाहायला मिळणार, ही कल्पना मला माहेरच्या निरोपासारखी वाटते.

माझे प्रश्न असे. एका दिवसात जाऊन-येऊन हे काम होते, की तेथे मुक्काम करावा? सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत, हेही ध्यानात घ्यावे. दुसरे असे की, सहलींच्या छायाचित्रांत सगळीकडे तोच एक चौक आणि त्याच दोन मजली कमानी दिसतात. पाणी कोठून येत होते, गाळ कोठे बसत होता, वाहिनी शहरात शिरून पुढे कोठे जात होती, हे जागेवर पाहता येते का? आणि तिसरा प्रश्न थोडा खात्यातला आहे. दरी ओलांडण्यासाठी २८ मीटर उंच दगडी पूल बांधण्यापेक्षा नळ दरीत उतरवून पलीकडे चढवणे, म्हणजे ज्याला आम्ही साइफन म्हणतो, ते रोमनांना सुचले नव्हते का?

घरात या प्रवासावर एकच शेरा मिळाला आहे: "दगडच पाहायचे होते तर रामटेक काय वाईट होते?" यालाही उत्तर असल्यास कळवावे.

धरमपेठची_लेक

काका, नमस्कार. मी शिक्षणासाठी दोन वर्षे माद्रिदला होते आणि पाहुणे आले की त्यांना सेगोव्हियाला घेऊन जाणे हे माझे ठरलेले काम होते, म्हणून लिहिते आहे.

एक दिवस पुरतो, मात्र तो पूर्ण दिवस हवा. माद्रिदच्या चामार्तिन स्थानकावरून वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आसपास सेगोव्हियाला पोहोचवते. ते स्थानक गावाबाहेर मोकळ्या माळावर आहे, त्यामुळे उतरल्यावर चुकीच्या ठिकाणी आलो की काय अशी शंका येते, पण घाबरू नये. तेथून शहरबस थेट जलसेतूच्या पायथ्याशी सोडते. गाडीची तिकिटे आधी काढून ठेवावीत, आणि शनिवार-रविवार टाळावा, कारण सुटीच्या दिवशी अर्धे माद्रिद तेथेच असते. जलसेतू पाहायला तिकीट नाही. तो रस्त्याच्या कडेला उभा आहे आणि लोक त्याखालून भाजी घेऊन जातात.

आता मुख्य गोष्ट. बस ज्या चौकात सोडते तो आसोगेखो चौक, म्हणजे तुम्ही म्हणता तोच छायाचित्रांतला चौक. दरीचा सर्वांत खोल भाग तेथे आहे, म्हणून कमानी तेथे सर्वांत उंच आहेत. बहुतेक लोक तेथे मान वर करून दहा मिनिटे उभे राहतात, जेवतात आणि परततात. पहिल्या खेपेस मीही एका सहल कंपनीबरोबर तसेच केले होते. त्यांनी आम्हाला पाऊण तास दिला होता आणि त्यातला निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. तुम्ही तसे करू नका. चौकात उतरल्यावर जुन्या गावाकडे पाठ करा आणि कमानींच्या कडेकडेने उलट दिशेने, म्हणजे पाणी जेथून येत होते त्या बाजूला चालत जा. रस्ता हळूहळू चढतो, आणि जसजसा तो चढतो तसतशा कमानी बुटक्या होत जातात. दोन मजल्यांचा एक मजला होतो, मग कमान साध्या घराच्या उंचीची उरते, आणि शेवटी एक लहानशी दगडी खोली लागते. तिला तेथे पाण्याचे घर अशा अर्थाचे नाव आहे. डोंगरातून आलेले पाणी तिच्यात थबकून गाळ खाली टाकत असे आणि मग कमानींवर चढत असे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या खोलीत आहे. पाणी मूळचे ग्वादारामा पर्वतातले, सुमारे १७ किलोमीटरवरून आणलेले.

ती खोली पाहून परत फिरलात की तुम्ही पाण्याच्या दिशेने चालू लागता, आणि मग त्याच कमानी वेगळ्या दिसतात. आधी जो 'पूल' वाटत होता तो आता एकसारखी चाललेली वाट वाटते, आणि हलते ती जमीन. हे मला तिसऱ्या खेपेस कळले, म्हणून तुम्हाला पहिल्याच खेपेस सांगते.

काकूंसाठी दोन गोष्टी. चौकाच्या पलीकडे, जलसेतू जेथे जुन्या गावाच्या तटाला जाऊन भिडतो, तेथे वर जायला लांबलचक दगडी जिना आहे आणि वरून संपूर्ण रांग एका नजरेत दिसते. ते दृश्य चुकवू नये, पण गुडघे दुखत असतील तर टॅक्सीने आधी वरच्या गावात जावे, कॅथेड्रलचा चौक पाहावा आणि जिना फक्त उतरावा. तोही कठडा धरून. जेवणाचे म्हणाल तर सेगोव्हिया भाजलेल्या डुकराच्या पिल्लासाठी प्रसिद्ध आहे आणि खिडक्यांत ती मांडलेली असतात, एवढे काकूंना आधीच सांगून ठेवा. तेथील मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या उसळीचे नाव ऐकून फसू नका, तिच्यातही बहुधा मांस असते. मी पाहुण्यांसाठी बटाट्याचे आम्लेट किंवा डबा, असा पर्याय ठेवत असे. मेथीचे ठेपले त्या चौकातल्या बाकावर बसून खाल्लेले आहेत, कोणी काही म्हणत नाही.

गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तेव्हा ऑक्टोबरमध्ये सकाळी स्वेटर लागेलच.

हेमाडपंती

धरमपेठच्या ताईंनी वाट सांगितली आहेच. मी दगडांबद्दल लिहितो, कारण जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम हा माझा व्यवसाय आहे.

तेथे गेल्यावर खांबाच्या अगदी जवळ जा आणि दोन दगडांमधल्या सांध्यात नख घालून पाहा. दरजेत चुना नाही. सेगोव्हियाचे ग्रॅनाइटचे दगड एकावर एक कोरडे रचलेले आहेत. दगडांची संख्या साधारण वीस हजारांच्या घरात सांगतात आणि कमानी १६७ मोजतात. काकूंचा रामटेकचा शेरा मला फार आवडला, आणि त्याचे उत्तर मी विदर्भातल्याच देवळांवरून देतो. आपल्याकडे चुन्याशिवाय दगड रचण्याची पद्धत कोणाला नवीन नाही. लोणारच्या दैत्यसूदनापासून कितीतरी देवळे तशीच उभी आहेत आणि अशा प्रत्येक देवळाबद्दल ते एका रात्रीत बांधल्याची गोष्ट गावात सांगितली जाते. सेगोव्हियातही नेमकी तीच गोष्ट आहे. पाणी वाहून थकलेल्या एका मुलीने सैतानाशी करार केला की कोंबडा आरवण्यापूर्वी पाणी घरापर्यंत आणलेस तर माझा आत्मा तुझा. सैतानाने रात्रभर कमानी रचल्या, पण शेवटचा एक दगड राहिला आणि उजाडले. चुन्याविना उभे असलेले काम पाहिले की माणसाला ते माणसाचे वाटत नाही, मग तो माणूस बुलढाण्याचा असो की स्पेनचा.

फरक आहे तो पुढे. आपल्या देवळात तुळई आडवी टाकलेली असते, म्हणून खांब जवळजवळ ठेवावे लागतात. एकसंध आडवा दगड फार लांब झाला की मधोमध तडकतो. रोमन कमानीत पाचरीसारखे घडलेले दगड एकमेकांवर रेलतात आणि वरचे वजन त्यांना अधिकच घट्ट करते. सगळा दाब बाजूंनी खाली खांबांत उतरतो. बांधताना लाकडी साचा खाली ठेवावा लागतो, मधला किल्लीचा दगड बसला की साचा काढून पुढच्या कमानीला लावता येतो. म्हणजे लाकूड थोडे, गवंडी सराईत आणि कमान सारखी, असा तो हिशेब. दगडांच्या बाहेरच्या अंगावर लहान खळगे दिसतील. काही प्रवासी त्यांना गोळ्यांच्या खुणा समजतात. त्या उचलण्याच्या चिमट्याच्या खाचा आहेत. लोखंडी चिमट्याची टोके त्या खाचांत अडकवून दगड वर ओढत असत. पाथरवटाने त्या नंतर बुजवल्या नाहीत, हे माझ्या मते त्या कामाचे सर्वांत प्रामाणिक लक्षण आहे.

आणखी एक पाहण्याजोगे. सगळ्या कमानी रोमन नाहीत. अकराव्या शतकातल्या एका हल्ल्यात ३६ कमानी पडल्या आणि त्या पंधराव्या शतकाच्या अखेरीस, राणी इसाबेला आणि राजा फर्डिनांड यांच्या काळात, पुन्हा बांधल्या गेल्या. एल पार्राल मठातल्या एका साधूने ते काम पाहिले. नीट निरखले तर त्या कमानींचा माथा किंचित टोकदार दिसतो. कोणत्या कमानी त्या, हे मी सांगत नाही. कालव्यावरच्या माणसाला ते शोधण्यात मजा येईल.

सर्वांत उंच कमानींच्या डोक्यावर एक लांब पट्टी आहे. तिच्यावर पूर्वी ब्राँझची अक्षरे बसवलेली होती. अक्षरे गेली, खिळ्यांची भोके राहिली. त्या भोकांच्या मांडणीवरून एका अभ्यासकाने मजकूर जुळवला आणि काम इ.स. ९८ चे ठरवले. पुढे पायथ्याजवळच्या जमिनीत रोमन नाणे सापडले आणि आता बांधकाम इ.स. ११२ नंतरचे, म्हणजे सम्राट ट्राजनच्या राजवटीच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतर लगेचचे, मानण्याकडे कल आहे. १९८५ मध्ये जुने गाव आणि जलसेतू मिळून जागतिक वारशाच्या यादीत आले. तरीही मोटारी कमानींखालून जातच होत्या. ती वाहतूक १९९२ मध्ये थांबली. धूर आणि हादरे यांनी एकोणीसशे वर्षांत झाली नसेल एवढी झीज शेवटच्या काही दशकांत झाली, असे मी धंद्याच्या अनुभवावरून धरून चालतो.

कालवा_निवृत्त (नागपूर)

दोघांचेही आभार. पाण्याच्या दिशेने चालण्याची सूचना वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहे. सौभाग्यवतींना सैतानाची गोष्ट वाचून दाखवली, त्यांचे म्हणणे, "मुलगी हुशार होती, सैतान ठेकेदार होता, काम मुदतीत झाले नाही."

एक शंका मात्र वाढली आहे. गाळाच्या खोलीपासून तटापर्यंत ७२८ मीटर अंतर आणि ढाळ शंभरात एक, असे एके ठिकाणी वाचले. आकडा खरा असेल तर मी चकित आहे. आमच्या मुख्य कालव्यांना चार-पाच हजारांत एक एवढा ढाळ देतात. शंभरात एक म्हणजे आमच्या हिशेबाने धबधबाच झाला. मातीचा कालवा असता तर चार दिवसांत तळ खरवडून निघाला असता. आणि साइफनचा प्रश्न तसाच राहिला आहे.

बर्डीवरचा_नळकारागीर

साहेब, हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ढाळाचा आकडा बरोबर आहे, पण तो शहरातल्या त्या शेवटच्या तुकड्याचा आहे. तेथे वाहिनी अरुंद आहे आणि दगडाची आहे. दगडाला वेग चालतो, मातीला चालत नाही, हे तुम्हीच सांगितलेत. उलट टोकाचे उदाहरण फ्रान्समधल्या नीम शहराचे. तेथील सुमारे ५० किलोमीटरच्या वाहिनीला एकूण उतार मिळाला तो १२-१३ मीटरचा, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम वीतभर. प्रसिद्ध पाँ द्यु गार हा ४९ मीटर उंचीचा तीन मजली पूल त्याच वाहिनीवर आहे. रोमन माणसाजवळ डंपी लेव्हल, म्हणजे आपले उंची-सखलता मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र, नव्हती. त्याच्याजवळ वीस फूट लांबीचा एक लाकडी बाक असे, त्याच्या पायांवर ओळंबे लोंबत आणि वर पाण्यासाठी खाच असे. वारा असेल आणि ओळंबे हलत असतील तर खाचेतले पाणी पाहायचे. आपल्या पाणसळीचा तो आजोबाच. हा बाक हजारो वेळा उचलून पुढे ठेवत वीतभर उतार सांभाळायचा, यात बुद्धीइतकीच चिकाटीही लागली असणार.

आता साइफन. तो त्यांना नुसता सुचला नव्हता, त्यांच्या आधीच्या लोकांनी तो करून दाखवला होता. आजच्या तुर्कस्तानातल्या पेर्गामोन येथे ग्रीक राजांच्या काळात दरीत सुमारे १९० मीटर खाली उतरून पलीकडे चढणारी दाबनळी होती. रोमनांनी स्वतः फ्रान्समधल्या ल्यों शहरासाठी शिशाचे नळ शेजारी शेजारी टाकून दऱ्या ओलांडल्या; नळ ज्या उतारांवर टेकवले होते ते बांधकाम अजून दिसते. तरीही जेथे जमले तेथे त्यांनी पूलच निवडला, आणि साधारण पन्नास मीटरपर्यंतच्या दरीवर पूल, त्याहून खोल दरीत साइफन, अशी त्यांची वहिवाट दिसते. सेगोव्हियाची दरी त्या मापात पुलाची होती.

कारण पैसा आणि सांधा. २८ मीटर खोलीला तळाशी दर चौरस सेंटीमीटरला पावणेतीन किलोच्या वर दाब येतो. आज आपण दुकानातून पाइप आणतो आणि विसरून जातो. रोमन नळ म्हणजे शिशाचा पत्रा वाकवून लांबीभर डाग दिलेला. दाब वाढला की पहिला फुटणार तो त्या डागाशीच. शिसे वजनदार, लांबून आणायचे आणि दर काही हातांवर जोड. दगड मात्र सेगोव्हियाच्या भोवतीच होता. उघड्या वाहिनीचा आणखी एक फायदा तुम्हाला वेगळा सांगायला नको: गळती डोळ्यांना दिसते. साइफनमधला गाळ तळाशी साचतो आणि माणूस आत जाऊ शकत नाही. तुम्ही रात्री काठाने फिरून गळती शोधलीत असे लिहिले आहे. दाबनळी असती तर कोठे फिरला असता?

आपल्या महाराष्ट्रात दोन्ही पद्धती आहेत. छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीचे पाणी दूरच्या झऱ्यावरून मातीच्या नळांतून येते आणि मध्ये दगडी मनोऱ्यांत चढते; मनोऱ्यात दाब सुटतो आणि हवा बाहेर पडते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून शहरात पाणी आणले ते जमिनीखालच्या दगडी नळातून, आणि मध्ये गाळ बसण्यासाठी व हवेसाठी जे हौद ठेवले त्यांना तेथे उच्छ्वास म्हणतात. नाव किती नेमके आहे पाहा. सेगोव्हियाची गाळाची खोली पाहताना हा शब्द आठवावा.

रोमात_तीन_वर्षे

सगळ्यांची क्षमा मागून थोडा विरोधी सूर लावतो. सेगोव्हिया अवश्य पाहा, पण त्यावरून 'रोमन जलसेतू म्हणजे उंच कमानी' असा समज घेऊन येऊ नका. मी तीन वर्षे रोममध्ये राहिलो आणि तेथे उलट गोष्ट शिकलो. रोमन वाहिनी मुख्यतः जमिनीखालून जाते. कमानी हा नाइलाज आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या मार्किया वाहिनीची लांबी सुमारे ९१ किलोमीटर, त्यातला कमानींवरचा भाग १०-११ किलोमीटरचा. इ.स. ५२ मध्ये पूर्ण झालेली क्लाउदिया सुमारे ६९ किलोमीटरची, तिचाही बहुतांश भाग जमिनीत. जमिनीखाली पाणी गार राहते, शत्रूला दिसत नाही आणि दगड वाचतो. शहराजवळ सपाट माळ लागला की उंची टिकवायला कमानींवर चढायचे, एवढेच.

म्हणून मुलीने इटलीचे ठरवले तर तीन जागा सांगतो. पहिली, शहराच्या आग्नेय कडेला जलसेतूंचे उद्यान. भुयारी रेल्वेच्या ए मार्गावर जुलिओ आग्रिकोला स्थानकाला उतरून चालत जाता येते. क्लाउदियाच्या मोडक्या कमानी शेतात उभ्या आहेत आणि शेजारच्या उंच इमारतींतले लोक संध्याकाळी कुत्री घेऊन तेथे येतात. त्यांच्यालगत बुटक्या कमानींची एक रांग आहे. ती पोपच्या काळातली, १५८६ मध्ये पूर्ण झालेली वाहिनी, जुन्या मार्कियाच्या जागेवरून नेलेली. सेगोव्हियात सगळे बसवून ठेवल्यासारखे नीटनेटके आहे. येथे तुटलेल्या ठिकाणी वाहिनीचा छेद उघडा पडलेला दिसतो: वर पाण्याची चौकोनी नळी आणि आत चुना-सुरखीचा गिलावा. सुरखी हाच शब्द मी तेथे गाइडला समजावून सांगितला होता, कारण भाजलेल्या विटेचा चुरा चुन्यात घालून पाणी अडवणे ही विद्या आपल्या आजोबांचीही होती.

दुसरी जागा, त्रेव्हीचे कारंजे. लोक नाणी टाकतात ते पाणी ज्या वाहिनीचे आहे ती सम्राट ऑगस्टसचा सेनापती आग्रिप्पा याने इ.स.पू. १९ मध्ये सुरू केली, मधल्या काळात दुरुस्त होत होत आजही चालू आहे. ती जवळपास सगळी भुयारातून येते म्हणूनच वाचली, इ.स. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी वेढा घालून बाहेरच्या वाहिन्या तोडल्या तेव्हा कमानींचे काय झाले ते उद्यानात दिसतेच. तिसरी जागा तर कपड्यांच्या दुकानात आहे. त्रेव्हीजवळच्या एका मोठ्या बहुमजली दुकानाचे तळघर खोदताना याच वाहिनीच्या कमानी सापडल्या आणि त्या तशाच काचेशेजारी दाखवल्या आहेत. सरकता जिना उतरायचा आणि समोर दोन हजार वर्षांपूर्वीच्या कमानी. काकूंच्या गुडघ्यांना यापेक्षा सोयीचा रोमन अवशेष मिळणार नाही.

पाटबंधारे खात्यातल्या माणसाला आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इ.स. ९७ मध्ये फ्रोन्तिनुस नावाचा अधिकारी रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला आणि त्याने खात्याची सगळी मोजणी लिहून ठेवली. सरकारचे २४० आणि सम्राटाचे ४६० असे सातशे कामगार त्याच्या हाताखाली होते. त्याच्या तक्रारी वाचल्या की महापालिकेच्या सभेचे इतिवृत्त वाचतो आहोत असे वाटते: मंजुरीपेक्षा मोठे नळ बसवलेले, पदपथाखाली चोरजोड घेतलेले, कर्मचारीच नळाला भोक पाडून पाणी विकताहेत, वाहिनीवर झाडे वाढली आहेत.

कालवा_निवृत्त (नागपूर)

फ्रोन्तिनुस साहेबांची बदली आमच्या विभागात झाली असती तर त्यांना काहीच नवे वाटले नसते. इटली या खेपेस जमणार नाही, पण जलसेतूंचे उद्यान मनात धरून ठेवतो.

धरमपेठची_लेक

काका, एक राहिले होते. माद्रिदमध्येच वेळ मिळाला तर तेथल्या जुन्या भुयारी पाणवाटांबद्दल मुलीला विचारा. मध्ययुगात ते शहर जमिनीखालच्या गॅलऱ्यांमधून झिरपणाऱ्या पाण्यावर जगले. आणि तशीच व्यवस्था पाहायला युरोप लागत नाही, बऱ्हाणपूर पुरते. कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा आहे. शंभराच्या वर कुंड्या एका ओळीत आणि खाली भुयारातून झिरपत जाणारे पाणी. लिफ्टने ऐंशीएक फूट खाली नेतात. नागपूरकर असून मी ते लग्नानंतर पाहिले, याची मला अजून लाज वाटते.

कालवा_निवृत्त (नागपूर)

मंडळी, परत आलो. कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत देतो.

मंगळवारी गेलो. चौकात उतरल्यावर मान वर करण्याचा मोह आवरला नाही, दहा मिनिटे तेथेच गेली. मग सौभाग्यवती आणि मुलगी बाकावर बसल्या आणि मी जुन्या गावाकडे पाठ करून निघालो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे कमानी एकेक इंचाने बुटक्या होत गेल्या. गाळाच्या खोलीपाशी पोहोचलो तेव्हा एका कमानीच्या कडेला हात टेकवता आला. तेथून फिरलो आणि माझा हिशेब सुरू केला. ७२८ मीटरला शंभरात एक म्हणजे सव्वासात मीटर उतार. तेवढ्याच अंतरात पायाखालची जमीन त्याहून कितीतरी खोल जाते. डोळ्यांना मात्र तो उतार कोठेच दिसत नाही. वरची कड सपाट वाटते. चौकाच्या पलीकडच्या एका इमारतीच्या छज्जाशी ती कड ताडून पाहिली तेव्हा किंचित कललेली भासली, की मला तसे पाहायचेच होते, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

टोकदार कमानी सापडल्या. पहिल्या फेरीत नाही, परतीच्या फेरीत. हेमाडपंती साहेब, दरजेत नख घालून पाहिले. एका सांध्यात गेले, दुसऱ्यात गेले नाही.

मी तासाभराने परत आलो तर सौभाग्यवतींनी बसल्या जागी एक गोष्ट टिपली होती, जी माझ्या लक्षात आली नव्हती. खांब वर जाताना दर टप्प्याला थोडे आत सरकत बारीक होतात आणि प्रत्येक टप्प्यावर दगडाची एक पट्टी बाहेर येते. त्या म्हणाल्या, "तुमच्या कालव्यावरचे खांब वरपासून खालपर्यंत सारखेच जाड होते, इथे मात्र कोणीतरी दगड वाचवला आहे." मी आमचे खांब काँक्रीटचे होते वगैरे सांगू लागलो, पण मुलगी हसू लागली म्हणून थांबलो. नंतर टॅक्सीने वर गेलो आणि जिना कठडा धरून हळूहळू उतरलो. ठेपले चौकातच खाल्ले.

तटाच्या आत वाहिनी दिसेनाशी होते; पुढे ती जमिनीखालून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या किल्ल्यापर्यंत जात असे. तिचा मार्ग रस्त्यावर खुणांनी दाखवला आहे, पण तेवढे चालणे त्या दिवशी झाले नाही. जुन्या टांकसाळीच्या इमारतीत जलसेतूची माहिती देणारे दालन आहे, तेही राहिले. ताईंनी पूर्ण दिवस लागेल असे लिहिले होते. मी दीड म्हणेन.

आता डिसेंबरमध्ये अमरावती, परतवाडा, धारणी या मार्गाने बऱ्हाणपूरला जाण्याचे ठरले आहे, आणि या खेपेस सूचना घरातून आली आहे. मेळघाटातला रस्ता सध्या कसा आहे आणि कुंडी भंडाऱ्याची लिफ्ट चालू आहे का, हे अलीकडे जाऊन आलेल्या कोणी कळवल्यास उपकार होतील. लिफ्ट बंद असेल तर ऐंशी फूट शिडी उतरणे आमच्या दोघांच्या गुडघ्यांना जमणार नाही.